माणसांची वाहवा की देवाची पसंती? मत्तय ६ मंडळीत प्रत्यक्ष पाळायचा कसा

बेथानी

सर्वांना सलाम. येत्या उपासकाळात (ईस्टरआधीच्या दिवसांत) तरुण संघाच्या अभ्यासवर्गासाठी मत्तयाच्या शुभवर्तमानातला ६:१–१८ (दान, प्रार्थना, उपास) हा भाग ठरला आहे. 'लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका' यावर संदेश भरपूर होतात, पण ते 'मन शुद्ध ठेवा' इथवर येऊन थांबतात. सोमवारी सकाळी उठून नेमके काय करायचे, हे राहूनच जाते. त्यातून आपल्या मंडळ्या लहान. वर्गणी कोणाची किती, प्रार्थनेला कोण उभे राहते, उपास कोणाच्या घरी आहे, सगळे सगळ्यांना ठाऊक असते. अशा ठिकाणी गुप्तता पाळायची कशी? शिवाय ५:१६ मध्ये तोच प्रभू आपला प्रकाश लोकांसमोर पडू द्यायला सांगतो. मुले हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारणार. कृपया तपशिलात लिहा.

शब्दसेवक

५:१६ च्या आधी काय आहे ते मुलांना वाचायला लावा. ५:१०–१२ मध्ये छळ आहे, निंदा आहे. म्हणजे तिथे ऐकणारा माणूस घाबरलेला आहे, दिवा मापाखाली झाकून ठेवायची त्याला इच्छा होते. सहाव्या अध्यायातला माणूस सुरक्षित आहे, आपल्याच लोकांत आहे, आणि त्याला दिवा मिरवायचा आहे. दोन वेगळे आजार, म्हणून औषधेही वेगळी. दोन्ही ठिकाणी विचारायचे एकच: हे काम मी कोणाच्या हातात सोपवतोय? ५:१६ चा शेवट पाहा, लोक गौरव करतात तो स्वर्गातल्या पित्याचा.

प्रत्यक्षात असे करता येईल. मुलांना आपली आठवड्यातली दहा-बारा कामे कागदावर लिहायला सांगा आणि प्रत्येकापुढे, हे लपवावेसे वाटते की दाखवावेसे, एवढीच खूण करायला सांगा. ऑफिसात खोटे बिल लावायला नकार देणे, कॉलेजच्या मित्रांसमोर जेवणाआधी मान खाली घालणे, ही बहुधा 'लपवावेसे'च्या रकान्यात येतील. ती उघड करा. कोणाची फी भरली, उपास केला, पहाटे उठून प्रार्थना केली, ही 'दाखवावेसे'मध्ये जातील. ती झाका. दानीएल ६:१० इथे उपयोगी पडते. राजाखेरीज कोणाकडेही प्रार्थना करू नये असा बंदीहुकूम निघाल्यावर त्याने खिडक्या मुद्दाम उघडल्या नाहीत आणि बंदही केल्या नाहीत. पूर्वी करत असे तसेच दिवसातून तीनदा केले. हुकूम आल्यावर सवय बदलली असती तर ती कोणत्याही दिशेने माणसांसाठीच बदलली असती.

एक गोष्ट मात्र पहिल्याच वर्गात सांगा, नाहीतर पुढचे सगळे उलटे फिरेल. मार्क १:११ मध्ये 'तू माझा प्रिय पुत्र, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे' हा आवाज येतो तेव्हा येशूने एकही चमत्कार केलेला नाही, एकही संदेश दिलेला नाही. पित्याची पसंती आधी आणि सेवा नंतर. ख्रिस्तात असलेल्याला ही पसंती दत्तकपणाने मिळाली आहे (इफिस १:५–६). हे वगळून 'माणसांना नको, देवाला खूश करा' एवढेच शिकवले, तर मुलांच्या डोक्यात फक्त परीक्षक बदलतो, परीक्षेची भीती तशीच राहते. उलट हा परीक्षक रात्रीही पाहतो, म्हणून ती वाढते.

नगरी

दानार्पणाबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

प्रेषित पौलाची पद्धत १ करिंथ १६:२ मध्ये आहे आणि ती अगदी व्यवहारी आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे रक्कम घरी बाजूला काढून ठेवावी, 'मी आल्यावर वर्गण्या नकोत'. म्हणजे देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पौलसुद्धा नको. २ करिंथ ९:७ तेच सांगते, मनात ठरवल्याप्रमाणे, दडपणाने नाही. तेव्हा पगार झाला की, किंवा शेतीचे पैसे हातात आले की, पहिल्याच दिवशी रक्कम ठरवा, पाकिटात घाला, पाकीट चिकटवा. उपासनेत दानाची थैली समोर आल्यावर आकडा बदलायचा नाही, वाढवायचाही नाही. थैलीजवळ वाढणारा आकडा बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून वाढतो. एखाद्या आवाहनाने मन हलले असेल तर एक रात्र जाऊ द्या, सकाळीही तेच वाटले तर द्या. अपवाद एकच: समोरचा माणूस उपाशी किंवा आजारी असेल तर रात्र जाऊ देण्याचा प्रश्नच नाही.

आता कापणीच्या सणाचा लिलाव. भोपळा, कोंबडी, केळीचा घड यांवर बोली चढते, हजारांत जाते, टाळ्या होतात. मंडळीला पैसा मिळतो हे खरे. पण या रचनेत दान देण्याची क्रियाच श्रोत्यांसमोर होते, आणि मोलमजुरी करून डोक्यावर मेथीच्या चार जुड्या आणणारी बाई आपल्या जुड्या पन्नास रुपयांत गेलेल्या पाहते. मार्क १२:४१–४४ मधली, होते नव्हते ते सगळे दानपेटीत टाकणारी विधवा आपल्याच अंगणात उभी असते आणि आपण तिच्याकडे पाठ करून बोली लावत असतो. लिलाव बंद करा म्हटले की भांडण होते, म्हणून मधला मार्ग: वस्तूंना क्रमांक द्या, उपासनेच्या आधी चिठ्ठीवर रक्कम लिहून पेटीत टाकायला सांगा, दोघांनी चिठ्ठ्या उघडाव्यात, वस्तू घरपोच द्याव्यात आणि व्यासपीठावरून फक्त एकूण जमा सांगावी. पहिल्या वर्षी जमा कमी होण्याची तयारी ठेवा. जी रक्कम कमी झाली ती टाळ्यांची होती.

पंख्यांवर आणि बाकांवर नावे रंगवण्याबद्दल: आधी रंगवलेली खरवडू नका, त्यात मृतांच्या आठवणी आहेत, घरच्यांना दुखावून काही साधत नाही. पुढच्या वस्तूपासून नाव नाही असा ठराव पंचकमिटीत करा आणि तो सगळ्यात मोठी देणगी येण्याच्या आधी करा. देणगी दारात आल्यावर केलेला ठराव त्या एका माणसाविरुद्ध केल्यासारखा दिसतो.

आणि क्यूआर कोडजवळ रक्कम मोठ्याने बोलणारा स्पीकर मंदिरात लावू नका. भरणा केल्याचे स्क्रीनशॉट मंडळीच्या ग्रुपवर टाकायला सांगणे हीसुद्धा देणगीदारांची नावे व्यासपीठावरून वाचून दाखवण्याचीच नवी आवृत्ती आहे.

मोहरी

मग बर्णबाचे काय? प्रे. कृत्ये ४:३६–३७ मध्ये त्याचे नाव आहे, शेत विकले हे आहे, पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवले हेही आहे. सगळे उघड. आणि पौल मासेदोनियाच्या मंडळ्यांचे दान करिंथकरांना खुशाल सांगतो.

नगरी

मोहरीताई, म्हणूनच मी 'उघड दान पाप आहे' असे लिहिले नाही. बर्णबाच्या लगेच पुढे हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा येतात. ५:४ मध्ये पेत्र स्पष्ट म्हणतो की शेत विकण्याआधी तुझेच होते, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. अर्धे दिले असते तरी चालले असते. काही भाग देऊन पूर्ण दिल्याचे नाव हवे होते, तिथे खोटे शिरले. पौलाच्या बाबतीत पाहा, २ करिंथ ८:१–५ मध्ये तो मंडळ्यांचा उल्लेख करतो, एकाही व्यक्तीचे नाव नाही, एकही आकडा नाही. सांगतो ते त्यांचे दारिद्र्य आणि त्यांची हौस. उत्तेजन द्यायचेच असेल तर हा नमुना आहे.

अंतोन_वसई

कॅथलिक बाजूने थोडी भर. राखेच्या बुधवारच्या (उपासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) मिस्सात शुभवर्तमानाचे वाचन मत्तय ६:१–६ आणि १६–१८ हेच असते. उपास करताना तोंड धुवा असे वाचायचे आणि त्याच मिस्सात कपाळावर राख लावून घ्यायची, यात विसंगती वाटते. पण राख एकट्याची नसते, अख्ख्या धर्मग्रामाच्या कपाळावर असते; त्यात कोणी कोणाहून मोठा ठरत नाही. ती सेल्फीसाठी जपायची नाही, आणि कामावर जाताना लाज वाटते म्हणून पुसायचीही नाही.

उपासाचे नियम तरुणांना नीट माहीत नसतात म्हणून लिहितो. बंधनकारक उपास वर्षात दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. वय १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. एक पूर्ण जेवण, आणि दोन छोटी खाणी जी मिळून त्या एका जेवणाएवढी होत नाहीत. मांसवर्ज्य १४ वर्षांपासून. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका, कष्टाची कामे करणारे यांना सूट आहे. यापलीकडचे जे काही कराल ते स्वेच्छेचे, आणि गुप्ततेचा खरा कस तिथेच लागतो. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सांगायलाच हवे, नाहीतर तिचे अन्न वाया जाते. तिला सांगणे म्हणजे मिरवणे नव्हे. बाहेर कोणी चहा पुढे केला तर 'आज उपास आहे' ऐवजी 'आत्ता नको' पुरते. पाहुण्याच्या घरी ताट वाढले गेले असेल तर खा, उपास दुसऱ्या दिवशी करा. मधुमेह असलेल्याने गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवण चुकवू नये. मोबाईल, मालिका, गोड पदार्थ यांचा त्याग हा त्याच्यासाठीही खुला आहे.

संत इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मसाधनेच्या पुस्तकात (पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये त्याला मान्यता दिली) एकाच दोषावर लक्ष ठेवण्याची रीत आहे. ती या विषयाला चपखल बसते. सकाळी उठताच तो दोष मनात धरायचा, समजा 'स्वतःचे कौतुक ऐकायला मिळावे म्हणून बोलणे'. दुपारच्या जेवणानंतर सकाळपासूनचा एकेक तास आठवायचा आणि जितक्यांदा घडले तितके ठिपके एका रेघेवर मांडायचे. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा, दुसऱ्या रेघेवर. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. पहिल्या काही दिवसांत ठिपके वाढतात. दोष वाढला म्हणून नाही, दिसू लागला म्हणून. तिथेच बहुतेक जण सोडून देतात. दोन दोष एकदम धरू नका.

जाई_जुई

अंतोनदादा, ठिपके मोजायची रीत सगळ्यांना मानवेल का? काही मुले आधीच स्वतःला खात असतात. 'मी मदत केली, पण मनात कौतुकाची आशा होती, म्हणजे ते दान वायाच' या विचाराने ती चांगले काम करणेच सोडतात. वर्गात अशी एक-दोन तरी असणारच.

शब्दसेवक

जाईताई, बरोबर आहे. अशा मुलांना ठिपके देऊ नका. त्यांना १ करिंथ ४:३–५ द्या. तिथे पौल म्हणतो की माणसांनी माझा न्याय करावा हे मला क्षुल्लक वाटते, आणि लगेच पुढे म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही. माणसांच्या मताच्या कचाट्यातून सुटलेला माणूस पुष्कळदा स्वतःच्या मताच्या कचाट्यात सापडतो. पौल दोन्ही खटले प्रभू येईपर्यंत तहकूब ठेवतो. त्याच्या जोडीला १ योहान ३:२० ठेवा: आपले अंतःकरण आपल्याला दोषी ठरवते तेव्हा देव त्याहून मोठा आहे.

व्यवहारात नियम असा ठेवावा की हेतूत भेसळ आढळली तर काम थांबवायचे नाही, कामाची रीत बदलायची. फी भरायची आहे आणि नाव व्हावेसे वाटते? फी भराच, पण शाळेच्या कार्यालयात थेट, पावती मुलाच्या नावाने, आणि कुटुंबाला फक्त 'मंडळीतून व्यवस्था झाली' एवढे कळावे. भेसळीमुळे दान थांबले तर त्या मुलाने आपल्या मनाच्या खटपटीची किंमत का मोजावी? फिलिप्पै १:१५–१८ मध्ये काही जण हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करतात. पौल त्यांच्या हेतूला चांगले म्हणत नाही, पण घोषणा झाली म्हणून आनंद मानतो.

मोहरी

दुसऱ्या टोकाचा धोका कोणीच लिहिलेला नाही. 'मला फक्त देवाची पसंती हवी, माणसांची पर्वा नाही' हे वाक्य सगळ्यात जोरात कोण म्हणते? हिशेब मागितला की रागावणारे पुढारी. उपदेशातल्या चुकीबद्दल विचारले की 'अभिषिक्ताला हात लावू नका' म्हणणारे. तरुणांना ५–६ आठवडे हा विषय शिकवायचा आणि हे सांगायचे नाही, तर उद्धटपणाला वचनांचा आधार दिल्यासारखे होईल.

खजिनदार

मोहरीताईंनी नेमके बोट ठेवले. पौल गलती १:१० मध्ये लिहितो की मी अजून माणसांना खूश करत असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो, तोच पौल २ करिंथ ८:२०–२१ मध्ये वर्गणीच्या पैशाबद्दल लिहितो की प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही पाहतो. म्हणून पैसा पोहोचवायला तो एकटा जात नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडून दिलेला बंधू असतो. १ तीमथ्य ३:७ नुसार अध्यक्षाची बाहेरच्या लोकांतही चांगली साक्ष असावी लागते. तेव्हा देणाऱ्याचे नाव गुप्त, पैशाचा हिशेब उघड. आपल्याकडे हे बरोबर उलटे होते.

पद्धत अशी असावी. थैली मोजायला दोन व्यक्ती, एकमेकांच्या नात्यातल्या नसलेल्या, आणि पाळकसाहेब त्यांत नकोत. मोजणी उपासना संपताच मंदिरातच, घरी नेऊन नाही. दोघांच्या सह्या, रक्कम वहीत, पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत. मासिक वर्गणीच्या पाकिटांना कुटुंबक्रमांक. क्रमांक कोणाचा ही यादी एकट्या खजिनदाराकडे. पाळकांना ती यादी न दाखवण्याचे कारण त्यांच्यावर अविश्वास हे नाही. कोण किती देतो हे माहीत नसले की आजाऱ्याच्या भेटीला कोणाकडे आधी जायचे, संदेशात कोणते पाप घ्यायचे आणि कोणते वगळायचे, यावर त्या माहितीचे ओझे पडत नाही. याकोब २:१–४ मध्ये ज्या सोन्याच्या अंगठीमुळे श्रीमंताला सभेत मानाची जागा मिळते ती डोळ्यांना दिसते, वर्गणीची यादी ही न दिसणारी अंगठी.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाला हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे बंधनकारक आहे, तेव्हा 'देवाला हिशेब देऊ' हे उत्तर कायद्यानेही चालत नाही. वार्षिक सभेच्या आधी जमाखर्चाचा कागद सूचनाफलकावर लावा: जमा शीर्षकाप्रमाणे, खर्च शीर्षकाप्रमाणे, शिल्लक, बँक खात्याशी मेळ. देणाऱ्यांची नावे त्यात नसावीत. ज्याला पावती हवी त्याला ती वेगळी, हातात.

गव्हाचा_दाणा

टीका झाली की ती देवाकडून आलेली सुधारणा की निव्वळ माणसांची नाराजी, हे कसे ओळखायचे? 'देवाला विचारा' हे उत्तर तरुणांना पुरत नाही.

शब्दसेवक

टीका शब्दशः लिहून ठेवा, त्याच दिवशी उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी तिचे तीन भाग करा: घडलेली गोष्ट, तिचा लावलेला अर्थ, आणि बोलण्याचा सूर. सूर खोडून टाका. घडलेली गोष्ट खरी असेल तर ती कोणत्या आज्ञेच्या विरुद्ध आहे ते शोधा. सापडली तर टीकाकार कितीही वाईट बोलला असला तरी कबूल करा आणि भरपाई करा. आज्ञा सापडली नाही, फक्त रिवाज मोडला असेल, तर रोम १५:२ लावा: बदल केल्याने शेजाऱ्याची उन्नती होईल का? होत असेल तर बदला, नसेल तर नम्रपणे तसेच राहा. आणि तुमच्यावर प्रेम करणाऱ्या पण तुमच्यावर अवलंबून नसलेल्या दोघांना विचारा. अवलंबून असलेली माणसे खरे सांगायला बिचकतात. स्तुतीलाही हीच रीत लावा. नीतिसूत्रे २७:२१ माणसाची पारख त्याच्या स्तुतीने होते असे म्हणते.

आता माझ्या मते या विषयाचे खरे केंद्र, जे वर अजून आले नाही: अंत्युखियाची पंगत, गलती २:११–१४. वर्ग पाच असतील तर दोन यालाच द्या.

घटनेचा क्रम फळ्यावर लिहा. पेत्र विदेशी (यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमच्या याकोबाकडून काही माणसे आली. पेत्र मागे सरू लागला, वेगळा बसू लागला. कारण दिले आहे: सुंतावाल्यांची भीती. मग बाकीचे यहूदी त्याच्यामागे, शेवटी बर्णबासुद्धा. पेत्राने एकही चुकीचे वाक्य उच्चारले नाही. त्याचा सिद्धांतही बदलला नव्हता, कर्नेल्य या विदेशी माणसाच्या घरचा प्रसंग (प्रे. कृत्ये १०) त्याच्याच बाबतीत घडला होता, आणि यरुशलेमात त्याच मुद्द्यावर त्याने स्वतः उत्तर दिले होते (११:१–१८). म्हणजे वचन ठाऊक असणे, दर्शन झालेले असणे, पूर्वी एकदा धैर्य दाखवलेले असणे, यांतले काहीही माणसांच्या भीतीपासून आपोआप वाचवत नाही. कोण पाहायला आले आहे एवढ्यावर जागा बदलली. पौल याला शिष्टाचाराची चूक म्हणत नाही. सुवार्तेच्या सत्याप्रमाणे पाऊल पडत नव्हते असे म्हणतो. आणि चूक उघड झाली म्हणून बोलतोही सर्वांसमक्ष.

आपल्या मंडळीत याचा अर्थ लावायला फार दूर जावे लागत नाही. मराठी ख्रिस्ती लग्नांच्या बोलणीत आजही पूर्वीची जात विचारली जाते, कधी 'मूळ गाव कोणते', 'आधीचे आडनाव काय' अशा आडवाटेने. प्रभुभोजनाला एका मेजाशी येणारी माणसे मुलीचे स्थळ पाहताना वेगळ्या मेजावर बसतात, आणि कारण नेहमी एकच सांगतात: आमची काही हरकत नाही हो, पण नातेवाईक काय म्हणतील. हे वाक्य आणि याकोबाकडून आलेली माणसे ही एकच गोष्ट आहे. वर्गात हे टाळले तर बाकी सगळा अभ्यास चहाच्या कपापुरता राहील.

गव्हाचा_दाणा

इथे थोडा मतभेद. तोच पौल प्रे. कृत्ये १६:३ मध्ये त्या भागातल्या यहूद्यांखातर तीमथ्याची सुंता करतो, आणि १ करिंथ १०:३३ मध्ये सर्वांना सर्व गोष्टींत संतोष देतो असे लिहितो. मग घरच्या वडीलधाऱ्यांची समजूत पटेपर्यंत थांबणे हे प्रत्येक वेळी भित्रेपणच कसे? मुलगी घरातून तुटू नये म्हणून वर्षभर थांबणारी मुले मंडळ्यांत आहेत.

शब्दसेवक

दाण्याचा मुद्दा रास्त आहे, आणि तो वर्गात जरूर ठेवा. तीमथ्य आणि तीत शेजारी शेजारी ठेवून वाचा. तीत ग्रीक होता; त्याच्या सुंतेला पौलाने घटकाभरही मान तुकवली नाही (गलती २:३–५), कारण तिथे ती तारणाची अट म्हणून मागितली जात होती. तीमथ्याच्या वेळी कोणी अट घातली नव्हती. दार उघडावे म्हणून त्यांनी ती पत्करली. १०:३३ पूर्ण वाचा: स्वतःचे हित न पाहता, पुष्कळांचे तारण व्हावे म्हणून. तेव्हा नमते घेण्याआधी हे पाहा: याची किंमत कोण मोजतो? तीमथ्याच्या बाबतीत किंमत तीमथ्याने मोजली. अंत्युखियात किंमत पंगतीतून उठवल्यासारखे झालेल्या विदेशी भावांनी मोजली, पेत्राने काहीच गमावले नाही. वर्षभर थांबणारा मुलगा आपले वर्ष खर्च करतो, घरच्यांना भेटत राहतो, मुलीला आणि तिच्या घरच्यांना स्पष्ट शब्द देतो, तर ते थांबणे प्रीतीचे आहे. मुलीला अधांतरी ठेवून तो फक्त भांडण टाळत असेल, तर बिल तिच्या नावाने फाटते आहे.

सायली_सोलापूर

मराठीतली एक जोड सुचवते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. तिथल्या वाँटेजच्या भगिनींनी (अँग्लिकन जोगिणींनी) प्रेमाने सांभाळूनही, सिद्धांताच्या बाबतीत पटले नाही तिथे त्यांनी तसे लिहून कळवले. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा काढली, ती पुण्याला आली, आणि मुली ख्रिस्ती होतील या भीतीने १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई आपली सकाळची प्रार्थना स्वतःच्या खोलीत करत, कोणाला बोलावत नसत, पण दार उघडे असे. देणगीदार आणि पालक नाराज आहेत म्हणून त्यांनी ते बंद केले नाही. दानीएलच्या खिडकीशेजारी हे दार ठेवता येईल. कवी नारायण वामन टिळकही चालतील: बाप्तिस्मा १८९५, आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार', ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा होती. तो निर्णय सगळ्यांना पटण्यासारखा नव्हताच.

अंतोन_वसई

प्रार्थनेवर दोन गोष्टी राहिल्या. पहिली, प्रार्थनेतून टोमणे. 'प्रभू, काही जण उशिरा येतात त्यांना समज दे' ही देवाशी बोललेली प्रार्थना नाही. घरसभेत प्रार्थना करणाऱ्याने एवढे पाहावे की वाक्य खोलीतल्या कोणाला ऐकवण्यासाठी तर नाही ना. असेल तर ते त्या माणसाशी एकट्याने बोलावे (मत्तय १८:१५). लांबीबद्दल म्हणाल तर प्रभूने याच अध्यायात शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हटली तरी मिनिटभरात होते. दुसरी, 'खोलीत जा, दार लाव' हे एका खोलीच्या घरात सहा जण राहणाऱ्याने कसे पाळावे? नहेम्या २:४ दाखवा. राजाचा प्रश्न आणि आपले उत्तर यांच्या मधल्या क्षणी तो प्रार्थना करतो, डोळे उघडे, ओठ बंद. लोकलमध्ये, नळावर रांगेत, शेतावर जाताना हे जमते.

बेथानी

सगळ्यांचे मनापासून आभार. आखणी अशी करते: पहिला वर्ग मार्क १ आणि लपवावेसे-दाखवावेसेचा कागद, दुसरा दान, तिसरा आणि चौथा अंत्युखिया, पाचवा प्रार्थना-उपास आणि टीका. एक अडचण उरते. दर आठवड्याला मुलांनी काय केले याचा आढावा घ्यायची आपली पद्धत आहे. गुप्त दानाचा आढावा घेतला की गुप्तता गेली.

नगरी

'केले का' हे विचारूच नका. हातही वर करायला लावू नका. फक्त 'अडले कुठे' हे विचारा, तेही नाव न लिहिलेल्या चिठ्ठीवर. 'पाकीट आधी भरले पण थैली येताच बदलावेसे वाटले', 'मदत कोणी केली हे किराणावाल्याने सांगून टाकले', असे काही येईल, आणि चर्चा त्या अडचणीवर करा. चिठ्ठ्या वाचून झाल्या की तिथेच फाडा. हस्ताक्षर ओळखता येते. लपवावेसे-दाखवावेसेचा कागद मात्र गोळा करू नका, तो ज्याचा त्याने घरी न्यावा. आणि एक रिकामी चिठ्ठी टाकायलाही परवानगी असू द्या, नाहीतर ज्याला काही अडले नाही तो अडचण रचून लिहील.